नात आईचा फोन घेत नाही

कर्वेनगरची आजी:
नात सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा बोटीवर असतो, सून गेल्या ऑगस्टपासून जर्मनीत नर्स. घराचं कर्ज फिटेपर्यंत तीन वर्षं असंच चालायचं. पहिले दोन महिने पोर संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची. खाली रिक्षा थांबली की दाराकडे धावायची, मग रडायची. आता रडत नाही. सगळे म्हणतात, रुळली. पण जर्मनी साडेतीन-साडेचार तास मागे, आईचा व्हिडिओ कॉल रात्रीच येतो, तेव्हा म्हणते, "आजी, सांग मी झोपले." शाळेची व्हॅन यायच्या वेळी पोट दुखतं. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नाही. परवा तिच्या उशीच्या अभ्र्यात सुनेचा जुना पंजाबी ड्रेस निघाला. मी धुवायला घेतला तर केवढी किंचाळली! माझं चुकलं का? सुनेला हे सांगू का? ती तिथे एकटी रडत बसेल.

शाळेतली समुपदेशक:
आजी, तुमचं काही चुकलं नाही, पण तो ड्रेस धुऊ नका. त्याला आईचा वास आहे. मूल गप्प झालं म्हणजे रुळलं, असं नसतं. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी १९५० च्या आसपास लंडनमध्ये आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचा अभ्यास केला. मुलं आधी आकांत करत, मग खचत, मग अलिप्त होत. या तिसऱ्या टप्प्यावरच मोठ्यांना वाटे, बरं झालं, शांत झालं. ती मुलं फार लहान होती, परक्यांत होती. तुमची नात तुमच्या कुशीत आहे, हा मोठाच फरक. तरी पोटदुखी टिकली तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, चोवीस तास मोफत आहे.

धायरीकर:
आजी, सुनेला सांगाच. माझे आईवडील मस्कतला होते, मी सहकारनगरला मावशीकडे वाढलो. मी रडू नये म्हणून मला सारसबागेत नेलं आणि परत येईपर्यंत ते निघून गेलेले. पुढे कित्येक वर्षं मावशी भाजीला गेली तरी मी उंबऱ्यात बसून राहायचो. आईच्या पत्रांत आधी नुसतं 'अभ्यास कर, शहाण्यासारखा वाग'. मी ती उघडायचोही नाही. मग तिने शेजारच्या मांजरीबद्दल लिहायला सुरुवात केली. मांजरीला पिल्लं झाली का, हे कळायला मी पत्रं वाचायला लागलो. सुनेला म्हणावं, प्रश्न विचारू नकोस. फोन समोर ठेव आणि तुझं काम कर. आणि परत कधी येणार ती खरी तारीख पोरीला सांगा, 'लवकरच' नको.

कर्वेनगरची आजी:
सांगितलं. खूप रडली. आज सुट्टी होती तिला, फोन डब्याला टेकवून पोळ्या करत होती, बोलली काहीच नाही. पोर दाराआडून बघत होती. थोड्या वेळाने पुढे आली आणि म्हणाली, "आई, ती करपतेय."