मदत हवी आहे : हेलिकॉप्टर देखभाल अभियंत्यांच्या पगारातील तफावत

नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझ्या धाकट्या भावाकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) बी१.३ परवाना, म्हणजे टर्बाइन हेलिकॉप्टरांच्या देखभालीचा परवाना असून, त्यावर बेल ४१२ या दोन इंजिनांच्या एकाच प्रकाराचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारासाठीची पात्रतेची नोंद, आहे. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणे आले आहे. एक काम जुहूचे, समुद्रातील तेलफलाटांवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचे. दुसरे उत्तराखंडातले, जिथे कंपनी एच१२५ या एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरचे प्रशिक्षण देणार, पण त्या बदल्यात बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, लिहून घेणार.

जुहूच्या पत्रात मूळ पगार बेताचाच असून परवाना भत्ता वेगळ्या ओळीत दाखवला आहे आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘प्रमाणन अधिकार मिळाल्यानंतर लागू’ असे लिहिले आहे. नुसता परवाना असून भागत नाही, देखभाल संस्थेने अधिकार दिल्याशिवाय हेलिकॉप्टर उड्डाणास सोडण्याची सही करता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. प्रश्न असा की हा अधिकार मिळेपर्यंत साधारण किती काळ जातो आणि तोवर तंत्रज्ञाच्याच पगारावर राहावे लागते का?

दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरचे रेटिंग असलेल्याला खरोखरच जास्त मिळते का, आणि बाँडची रक्कम वाटाघाटीत कमी होते का, हेही कृपया सांगावे. सांबऱ्याच्या हवाई दल केंद्रामुळे आमच्याकडे जाणकार निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत, परंतु त्यांचा हिशेब लष्करी वेतनश्रेणीचा, तो इथे लागू पडत नाही. उत्तर या महिनाअखेरपर्यंत कळवायचे आहे.