खडीचा हॅच टाकला की फरशी दिसते, काय करू?

रेघोट्या:
मंडळी, ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) एका बागेचा प्लॅन चाललाय, मधून खडीची पायवाट, बाजूला माती आणि कडेला ओबडधोबड दगडांची भिंत. खडीला ग्रॅव्हल हॅच (बंद जागा भरणारी तयार नक्षी) दिला, स्क्रीनवर जवळून बरा वाटला, पण प्रिंट काढली तर दर दोन बोटांवर तोच तो दगडांचा घोळका, आणि एकदा तो डोळ्यात भरला की दुसरं काही दिसतच नाही. सरांनी लांबूनच विचारलं, "ही फरशी का?"
मग सुपरहॅचमध्ये (आपलंच चित्र हॅचसारखं भरणारी कमांड) स्वतः काढलेल्या दगडांचा ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेलं चित्र, वापरला, तर फाईल एवढी जड झाली की झूम करायचं म्हटलं तरी थांबून बसायचं. शेवटी चिडून दोन तास एकेक दगड पॉलिलाइनने (सलग जोडलेल्या रेघेने) काढला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, वाट अर्धा मीटर डावीकडे घ्या 😭
खरंही वाटेल आणि वाट हलली तर परत हाताने करावं लागणार नाही, असं काही आहे का?

जुनी_निब:
पहिला प्रश्न, सगळी वाट भरायचीच कशाला? शाईने काढायचो तेव्हा कडेला दाट, मध्ये विरळ आणि बराचसा कागद कोराच सोडायचो, बघणारा बाकीची खडी मनातच भरून घेतो. तू एकाच बाउंड्रीत सगळं ओतलंस म्हणून फरशी झाली.
असं कर, डेफपॉइंट्स लेयरवर वेड्यावाकड्या बंद पॉलिलाइन काढ, पाचसहा ठिगळं, काही वाटेच्या कडेला चिकटून, एखाद-दुसरं मध्येच. त्या लेयरचं प्रिंटमध्ये काही येत नाही. मग प्रत्येकात तोच ग्रॅव्हल, पण एकाला अँगल १७, दुसऱ्याला ६३, स्केल ०.९ पासून १.१५ पर्यंत कुठेही, आणि ओरिजिन, म्हणजे नक्षी जिथून सुरू होते तो बिंदू, प्रत्येकाचा वेगळा. सगळी ठिगळं एकाच कमांडमध्ये उचलणार असशील तर सेपरेट हॅचेस चालू ठेव, नाहीतर सगळी मिळून एकच ऑब्जेक्ट होतं आणि अँगल वेगळा देताच येत नाही. असोसिएटिव्हही चालू हवं, बाउंड्री डिलीट करू नको, म्हणजे वाट सरकली की ठिगळं स्ट्रेच करायची, हॅच आपोआप मागे येतो.
आणि हॅच एक्सप्लोड करायचा (सुट्या रेघांत फोडायचा) नाही. कधीच नाही.

डॅशडॉट:
वरचं बरोबर आहे पण मातीला एवढा खटाटोप नको, तिथे पॅटर्नच चांगला हवा. ऑटोकॅडसोबत येणारा एआर-सँड हा वाळूचा पॅटर्न नोटपॅडमध्ये उघडून बघ, चारच ओळी आहेत आणि तरी ठिपके विखुरल्यासारखे दिसतात. पहिली ओळ अशी:
३७.५, ०,०, १.१२३,१.५६७, ०,-१.५२, ०,-१.७, ०,-१.६२५
(फाईलमध्ये अर्थात इंग्रजी आकडे)
३७.५ हा अँगल, मग सुरुवातीचा बिंदू, मग पुढची समांतर ओळ किती सरकणार आणि किती अंतरावर येणार. शेवटचे सहा आकडे म्हणजे ठिपका, गॅप असं तीनदा. शून्य म्हणजे ठिपका, उणे म्हणजे पेन वर. सगळी गंमत त्या विचित्र आकड्यांत आहे. बाकीच्या तीन ओळींचे अँगल ७.५, -३२.५ आणि -४२.५, गॅपही वेगळे, त्यामुळे कुणाचा ताल कुणाशी लवकर जुळत नाही. मी पहिल्यांदा पॅटर्न लिहिला तेव्हा गॅप २, ४ आणि ६ ठेवले होते, कवायतीला उभे राहिल्यासारखे ठिपके आले 😄
पॅट फाईलमध्ये (पॅटर्न लिहिलेला असतो ती फाईल) फक्त सरळ रेघा आणि ठिपके बसतात, कर्व्ह नाही, म्हणून गोल दगड त्यातून मागू नको. फाईलचं आणि पॅटर्नचं नाव एकच ठेव आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर दे, नाहीतर शेवटची ओळ वाचली जात नाही.

झूमआऊट:
हॅचचं लाइनवेट (रेघेची जाडी) ०.०५ किंवा ०.०९ मिमी करून रंग फिकट ग्रे ठेवा, आउटलाइन ०.२५. निम्मी फरशी तिथेच जाते. आणि स्क्रीनवर बघून स्केल ठरवू नका, ज्या स्केलला प्रिंट जाणार त्याच स्केलला एक तुकडा प्लॉट करून बघा.

जुनी_निब:
भिंतीचं राहिलंच. तिथे हॅच नकोच. सातआठ वेगवेगळ्या दगडांचे ब्लॉक कर, फिरवून, मिरर करून लाव, मोठे खाली आणि कोपऱ्यात, फटीत बारीक. दहाएक मिनिटांचं काम.

रेघोट्या:
केलं! ठिगळांची आयडिया भारी निघाली, वाट आज परत हलली आणि सगळं पाचच मिनिटांत सरकवलं. मातीच्या पॅटर्नला मात्र अर्धा तास गेला, काही केल्या लोड होईना, एंटरच दिला नव्हता 🤦 सर म्हणाले खडी जरा बारीक वाटतेय. फरशी म्हणाले नाहीत.