‘सदर मिळकत’ इंग्रजीत नेताना

प्रश्न : मी कोल्हापुरात दिवाणी दावे चालवते. ऑगस्ट २०२५ मध्ये इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य पीठापासून दूरच्या शहरात बसणारं पीठ) सुरू झालं, तेव्हापासून खालच्या कोर्टातले मराठी कागद इंग्रजीत करून जोडण्याचं काम फार वाढलंय. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘वर नमूद केलेली’ या सगळ्यांना सरसकट ‘द सेड’ (म्हणजे आधी सांगितलेला) लिहिलं तर चालेल का? की ‘अफोरसेड’, ‘अबव्ह-मेन्शन्ड’ असे वेगवेगळे शब्द ठेवायचे?

उत्तर : ताई, अर्थाच्या दृष्टीनं या तीन इंग्रजी शब्दांत फारसा फरक नाही. ‘द सेड’ आणि ‘अफोरसेड’ कोर्टकचेरीच्या भाषेतले, ‘अबव्ह-मेन्शन्ड’ साध्या पत्रातही खपतो. शब्द कुठला निवडला यापेक्षा तो नेमका कशाकडं बोट दाखवतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

समजा दाव्यात लिहिलंय : ‘प्रतिवादीने वादीस उचगाव येथील जमीन व गांधीनगर येथील गाळा दाखवला. सदर मिळकतीचा ताबा वादीस दिला नाही.’ यातली सदर मिळकत कुठली? जमीन, गाळा, की दोन्ही? मराठी वाचणारा मागची चार कलमं चाळून अंदाज बांधतो. इंग्रजीत ‘द सेड प्रॉपर्टी’ केलं की तीच संदिग्धता जशीच्या तशी पुढं जाते आणि वर शब्द भारदस्त असल्यामुळं ती कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून स्वतः इंग्रजीत मसुदा लिहिताना मूळ खरेदीपत्र करणारे करतात तेच करावं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा एकदा पूर्ण लिहायच्या आणि ‘हिअरआफ्टर रेफर्ड टू अ‍ॅज द सेड लँड’ (यापुढं हिला ‘द सेड लँड’ म्हटलं आहे) असं नाव पक्कं करायचं. गाळ्याला ‘द सेड शॉप’. त्यानंतर शेवटपर्यंत तेच नाव. मधेच ‘अफोरसेड प्रिमायसेस’ आलं की समोरचा वकील ती तिसरीच मिळकत आहे म्हणेल.

मात्र दुसऱ्याच्या कागदाचं भाषांतर जोडत असाल तर मुळात नसलेली स्पष्टता आपल्या पदरची घालू नका. संदिग्ध वाक्य संदिग्धच उतरवा. खुलासा आपल्या अर्जात करा.

‘उपरोक्त’बद्दलही सांगतो. उपरि + उक्त यांचा संधी ‘उपर्युक्त’ होतो. ‘उपरोक्त’ कचेऱ्यांत रुळलाय, पण मी स्वतः ‘उपर्युक्त’च लिहितो.

आपल्याकडं या कामासाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. मोडी कागदांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे मागं सांगितलेलं गाव, ‘साल मजकूर’ म्हणजे तेच वर्ष. आज ‘मजकूर’ म्हणजे लिहिलेला ऐवज एवढाच अर्थ उरलाय. माणसासाठी ‘मशारनिल्हे’ होता, तोही सन्मानानं : ज्यांचा उल्लेख झाला ते गृहस्थ. इंग्रजीतल्या ‘द सेड पर्सन’मध्ये ती अदब नाही. जुनी सनद भाषांतरित करताना हे लक्षात ठेवा. तिथं नाव पुन्हा लिहिलेलं बरं.

दुसरा प्रतिसाद : एक भर घालतो. आपल्या गावात ‘सदर बाजार’ ही वस्ती आहे. ‘सदर बाजारातील सदर मिळकत’ असं वाक्य यंत्राकडून भाषांतरित करून घेतलं, तर पहिला ‘सदर’सुद्धा ‘सेड’ होण्याचा धोका आहे. विशेषनामं आधी खूण करून ठेवावीत.

प्रश्नकर्ती : आणि ‘द सेम’? ‘प्लीज फाइंड द सेम अटॅच्ड’ असं रोज लिहिलं जातं.

उत्तर : जुन्या व्यापारी पत्रांतली ती लकब आहे. चूक म्हणणार नाही, पण ‘इट’ किंवा जोडलेल्या कागदाचं थेट नाव, समजा ‘द रिसीट’, लिहिलं तर वाचणाऱ्याला मागं जावं लागत नाही. ‘फॉर्मर’ (आधीचा) आणि ‘लॅटर’ (नंतरचा) मात्र दोनच गोष्टी असतील तरच वापरा. तीन वारसांची नावं देऊन ‘द लॅटर’ लिहिलेले अर्ज पाहिलेत मी. तिथं तिसऱ्या वारसाचं नावच लिहायला हवं.