संचलनाच्या परवान्यासाठी सुरक्षा आराखडा: त्यात नेमकं लिहायचं काय?

पायवाट
आमच्या संस्थेला शहरात संचलन काढायचंय. मार्ग २.४ किमी, ४० पथकं (त्यात ६ चित्ररथ), वाटेत ८ चौक. अर्जात फक्त 'सुरक्षा आराखडा जोडावा' एवढीच ओळ आहे आणि समितीने ते काम माझ्या गळ्यात घातलंय. दोन पानं लिहून नेली होती: स्वयंसेवक नेमू, एक रुग्णवाहिका ठेवू, पोलिसांनी बंदोबस्त द्यावा, रस्ता एक तास बंद ठेवावा. परवाना विभागात वरवर चाळून 'हे पुरणार नाही' म्हणाले. कुणी असा आराखडा केलाय का? आणि किती लोकांमागे किती स्वयंसेवक, याचं काही सूत्र असतं का?

गच्चीवरून
एखाद्या खासगी सुरक्षा एजन्सीला काम द्या. त्यांच्याकडे तयार साचा असतो, तुमचं नाव टाकून देतात. डोक्याला ताप नाही.

निळीशाई
निवृत्तीआधी बरीच वर्षं मी असेच अर्ज तपासायचे, त्यामुळे राहवत नाहीये. गच्चीवरून, एजन्सी जरूर घ्या हो, पण साच्यातला आराखडा पहिल्याच पानावर ओळखू येतो. 'पुरेसे स्वयंसेवक', 'योग्य ती खबरदारी', 'आवश्यकतेनुसार' असे शब्द दिसले की मी पेन्सिलीने गोल करायचे. एकदा एका अर्जात तर दुसऱ्याच शहरातल्या चौकाचं नाव राहिलं होतं. काही बिघडलं तर कोण, कुठे उभं असेल आणि काय करेल, एवढंच मी शोधत असे.

पायवाट, आधी तुमचा तो एक तास बघू. एका पथकाची लांबी २५ मीटर आणि मागे १५ मीटर मोकळी जागा धरा. ४० पथकांचं संचलन झालं १६०० मीटर. ताशी ३ किमीने मिनिटाला ५० मीटर. पहिलं पथक शेवटाला पोहोचायला ४८ मिनिटं, शेवटचं यायला आणखी ३२. म्हणजे ८० मिनिटं, तीही कुणी कुठे वाजवायला थांबलं नाही तर. बॅरिकेड लावणं-काढणं वेगळंच. हा हिशोब चुकलेला दिसला की तपासणारा पुढचं सगळं संशयाने वाचतो.

आता समाप्तीची जागा. सगळे अर्जदार आरंभाबद्दल भरभरून लिहितात आणि शेवटाबद्दल 'तिथे सांगता होईल'. १६०० मीटर माणसं आणि वाहनं जाणार कुठे? पहिली पथकं तिथेच फोटो काढत उभी राहिली की मागचं सगळं तुंबतं. जर्मनीत ड्यूसबुर्गला २४ जुलै २०१० रोजी 'लव्ह परेड' या संगीत महोत्सवात २१ जण चेंगरून गेले. तिथे येणारे आणि जाणारे एकाच उतारावर समोरासमोर आले होते. म्हणून पथकांना पुढे काढायला एक वाट, प्रेक्षकांना दुसरी, वाहनांना तिसरी, असं नकाशावर दाखवा आणि 'समाप्तीपुढे थांबायचं नाही' हे बघायला तिथे तुमचा सर्वांत खमका माणूस ठेवा. गोड बोलणारा नको.

चौकांचं म्हणाल तर हलकं बॅरिकेड चालकाला रस्ता बंद आहे हे सांगतं, गाडी अडवत नाही. अमेरिकेत वॉकेशा (विस्कॉन्सिन) इथे २१ नोव्हेंबर २०२१ रोजी एक गाडी बॅरिकेड ओलांडून संचलनात घुसली, ६ जण गेले. तुमच्या आठही चौकांसाठी प्रत्येकी अर्धं पान लिहा: कुठलं वजनदार वाहन आडवं उभं राहणार, ते भरलेलं असेल की रिकामं, चालक जवळच थांबणार का आणि किल्ली कुणाकडे. किल्लीचा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण रुग्णवाहिका येऊन उभी राहते आणि ट्रकचा चालक सरबत प्यायला गेलेला असतो.

मी सगळ्यात आधी उघडायचे ते पान मात्र वेगळंच: संचलन थांबवण्याचा अधिकार कुणाला? 'समिती निर्णय घेईल' असं असेल तर अर्ज परत. एक नाव, ती व्यक्ती नसेल तर दुसरं नाव. दोघंही संचलनात चालणारी किंवा पाहुण्यांसोबत मंचावर बसणारी नकोत. आदेशाचे शब्द आधीच ठरवा: 'थांबा' म्हणजे जागेवर उभं राहणं, 'मोकळं करा' म्हणजे ठरलेल्या गल्लीतून बाहेर पडणं. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, म्हणून वॉकी-टॉकी हवेत. सांकेतिक आकडे नकोत, घाबरलेल्या माणसाला साधी भाषाच आठवते.

तुमचं सूत्र: २५० माणसांमागे एक हा आकडा लोक सांगतात. तो अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षेच्या संहितेतला आहे आणि सभागृहांसारख्या जागांसाठी आहे. रस्त्यावर मी उलट्या बाजूने मोजते. चौक, वळण, अरुंद जागा, चित्ररथाच्या दोन्ही बाजूंची चाकं, समाप्ती, अशी ठिकाणं लिहा, प्रत्येकावर माणूस उभा करा, वर बदली लोक. गर्दीसाठी डोळ्यांचं माप: चौरस मीटरला ४ माणसं झाली की आत येणं थांबवा. ५ च्या पुढे माणसाला स्वतःच्या मर्जीने हलणं कठीण होत जातं.

पट्टीबांधे
प्रथमोपचार पथकात काम करते, म्हणून थोडी भर. एक रुग्णवाहिका पुरत नाही. संचलन सुरू असताना रस्ता ओलांडता येत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक हवी. विजेच्या खांबांना क्रमांक देऊन तेच नकाशावर घाला. 'निळ्या इमारतीजवळ कुणीतरी पडलंय' यापेक्षा 'खांब १७, डावी बाजू' यावर आम्ही पटकन पोहोचतो. हरवलेल्या मुलाचं नाव भोंग्यावर पुकारू नका, कुणीही येऊन 'माझंच' म्हणेल. आणि चित्ररथावरून खाऊ फेकायचा नाही. पोरं चाकांकडे धावतात.

पायवाट
निळीशाईताई, पट्टीबांधेताई, खूप आभार. ८० मिनिटांचा हिशोब समितीला दाखवला, सगळे गप्प. दोन शंका: हे सगळं नावांसकट समितीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू का? आणि आमच्याकडे हवा भरलेला एक मोठा फुगा आहे, त्याचं काय?

निळीशाई
गटावर अजिबात नको. वाहनांच्या जागा, नावं, नंबर हे वेगळ्या परिशिष्टात घाला आणि ते फक्त परवाना विभाग, पोलीस आणि चौकप्रमुखांना द्या, चौकप्रमुखाला त्याच्या चौकापुरतंच. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख टाका, नाहीतर त्या दिवशी तिघांच्या हातात तीन आराखडे असतात.

फुग्यासाठी वाऱ्याची मर्यादा आकड्यात लिहा. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली वाऱ्याने एक महाकाय फुगा दिव्याच्या खांबावर आदळला आणि खालचे प्रेक्षक जखमी झाले. त्यानंतर तिथे नियम आला: सलग वारा ताशी २३ मैल (सुमारे ३७ किमी) किंवा झोत ३४ मैलांच्या (सुमारे ५५ किमी) वर गेला तर मोठे फुगे उडवायचे नाहीत. तुमचा फुगा लहान असेल, तरी बनवणाऱ्याकडून त्याची मर्यादा लेखी घ्या आणि वारा कोण मोजणार, किती वाजता, तेही लिहा. मेघगर्जना ऐकू आली तर शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं सगळं बंद. हा निर्णयही त्या एकाच नावाकडे.

गच्चीवरून
एजन्सीचा साचा मागवून बघितला. 'आवश्यकतेनुसार' अकरा वेळा आहे.