दुसऱ्याच्या रेखाटनावरून रंकाळा रंगवला, आता मालकाला तो कपांवर छापायचाय

पेठेतला रंगारी
नमस्कार. मी शिवाजी पेठेतला, भिंती रंगवायची कामं घेतो. राजारामपुरीतल्या एका हॉटेलवाल्यानं दहा बाय सहाची भिंत दिली, "रंकाळा काढ" म्हणाला. पाऊस थांबेना, तिथं बसून स्केच करणं जमलं नाही. इन्स्टावर एका मुलीचं पेनानं काढलेलं संध्यामठाचं रेखाटन दिसलं, त्यावरून काढलं. अर्धा बुडालेला मठ, डावीकडं पाण्यात तीन म्हशी, पायरीवर पिळून ठेवलेलं लुगडं. तिचं काळं-पांढरं, माझं ॲक्रिलिकमध्ये, मावळतीचं. म्हशी चार केल्या.

आता मालक म्हणतोय हेच कपांवर, पिशव्यांवर छापू. इथं हात अडला. सोबतची पोरं म्हणतात, तीस टक्के बदललं की चित्र आपलं. खरं आहे का? तिनं खाली सही केलीय, पण कॉपीराइटची खूण कुठं नाही.

वकिलीवाली
दादा, तीस टक्क्यांचा नियम कायद्यात कुठंच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की हक्क लागू. नोंदणी लागत नाही, खूणही लागत नाही. मुदत चित्रकाराची हयात आणि पुढं ६० वर्षं.

कल्पनेवर मात्र कुणाची मालकी नाही, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच सांगितलंय. संध्यामठ सगळ्या कोल्हापूरचा. पण कुठून बघायचं, म्हशी कुठं, लुगडं कुठं, ही मांडणी तिची. रंग घातले म्हणून ती तुमची होत नाही. घरी वहीत सरावाला काढलं असतं तर प्रश्न नव्हता, इथं पैसे घेतलेत. तिला विचारा आणि परवानगी लेखी घ्या. मुदतही लिहा, नाहीतर ती ५ वर्षं धरतात.

जुना चित्रकला शिक्षक
बाळा, कॉपी करण्यात पाप नाही. मी पोरांना आबालाल रहिमानांची चित्रं उतरवायला लावायचो, हात त्यानंच तयार होतो. ते १९३१ ला गेले, आपल्या कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १९४४ ला. दोघांची चित्रं आता सगळ्यांना खुली. चंद्रकांत मांडरे २००१ ला गेले, त्यांच्या चित्रांवर २०६१ संपेपर्यंत हक्क आहे. दसरा चौकातला शाहू महाराजांचा पुतळा मात्र खुशाल काढ आणि वीक. चौकात कायमच्या उभ्या शिल्पाचं चित्र काढायला कायद्यानंच मोकळीक दिलीय.

मला खटकलं ते लुगडं. म्हशी तू जन्मभर बघितल्यास, ते लुगडं तू बघितलेलं नाहीस. ते तिच्या डोळ्यांनी बघितलंय.

पेठेतला रंगारी
सर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी तिला भिंतीचा फोटो पाठवून सगळं खरं सांगितलं. भिंत राहू दे म्हणाली, कोपऱ्यात तिचं नाव घालायचं, तसं मेलवर लिहूनही दिलं. कपांना नाही म्हणाली, तिला स्वतःची पोस्टकार्डं छापायची आहेत. तिचं नाव मी आजच घातलं, माझ्या नावाच्या वर.

मालकाला सांगितलं, कपांसाठी नवीन काढतो, आठ दिवस द्या. काल उघडीप होती, सहालाच रंकाळ्यावर जाऊन बसलो. म्हशी आल्याच नाहीत. मठाच्या माथ्यावर एक बगळा पंख वाळवत होता, तो घेतलाय.