माझ्या हाताला यश नाही, असं वाटायचं तेव्हा...

वाडीवाली (दिवेआगर)
आज आळी साफ करताना वर बघितलं, तर पोफळीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा! खुरपं हातात तसंच राहिलं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली. माझी मुंबईची नोकरी गेलेली, नुकतीच सासरी येऊन राहिले होते. लावलेल्या मिरच्यासुद्धा जगेनात. माझ्या हाताला यशच नाही, हे मनात पक्कं बसलं. अशात शेजारच्या काकू रोठ्याची, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीची, पाच रोपं घेऊन आल्या. मुळं पोफळीच्या पानाच्या ओल्या विरीत गुंडाळलेली. त्यांच्या स्वतःच्या वाडीत एक झाड उभं नव्हतं. म्हणाल्या, "तुझ्या हातानं लाव." मी म्हटलं, मरतील. "पाणी घालायचं आपण. जगवणारा तो बसलाय."

पाऊस सरल्यावर रोज संध्याकाळी गडग्यापाशी येऊन विचारायच्या, "शिंपलंस?" तीन जगली. काकू गेल्या वर्षी गेल्या. पोय बघायला त्या हव्या होत्या.

तुम्हालाही कुणी असं उभं केलं असेल तर लिहा ना.

खाडीकाठ
२२ जुलै २०२१, महापूर. चिपळूणकरांना पुढचं सांगायला नको. दुकानात कमरेएवढा चिखल. शटर ओढून मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं होतं. आपल्याच्यानं आता होणार नाही, एवढंच डोक्यात. घाटावरची पोरं फावडी घेऊन आली. एकानं आधी चिखलातून गणपतीची तसबीर काढली, स्वतःच्या बाटलीतल्या प्यायच्या पाण्यानं धुतली, खिळ्याला लावली. मग म्हणतो, "काका, कुठून सुरू करू?" प्यायचं पाणी तेव्हा काय होतं ते आम्हालाच माहीत. अजून त्याच दुकानात बसतो. गिऱ्हाईक आलं, थांबतो.

सुरंगी
काकूंचं वाचून डोळे भरले. रोपं केवढी होती गं? आम्हाला गुहागरला रोठा लावायचाय. कुकर लावलाय, आले.

वाडीवाली
@सुरंगी, दीडेक वर्षाची. नऊ फुटांवर लाव, मध्ये केळी घाल म्हणजे कोवळ्या रोपांना ऊन लागत नाही.

देवगडकर
मी लहानपणी बोलताना अडखळायचो. वर्गात उभं राहायची वेळ आली की घाम. एकदा देवळात गाऱ्हाणं चालू होतं, आमच्या वाडीतल्या आजोबांनी मला पुढे ओढला आणि माझ्या नावानं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाच्या जिभेर बस रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यांच्यात मीही. एकदाही अडलं नाही. सगळ्यांबरोबर म्हटलं की शब्द सुटतो, हे तिथं कळलं. पुढे आजोबा दर सोमवारी मला आरतीला शेजारी उभा करायचे. अजून अडखळतो कधीकधी. पण थांबत नाही, वाक्य पुरं करतो.

रत्नागिरीची माहेरवाशीण
हे गेल्यानंतरचा पहिला शिमगा. पालखी दारात आली, मी माजघरात. मी पुढे गेले तर अशुभ, असं मलाच वाटत होतं. सासूबाई आत आल्या, नारळ आणि तांदूळ माझ्या हातात दिले, म्हणाल्या, "घरातली मोठी सून तू, ओटी तू भरायची." हात थरथरत होते, तांदूळ उंबऱ्यावर सांडले. सासूबाईंनी ते वेचून परत माझ्या ओंजळीत घातले.
जास्त लिहवत नाही.

वाडीवाली
ताई... सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

सुरंगी
आले. सगळं वाचलं, ताई, तुमचं दोनदा. वाडीवाली, केळी सफेद वेलची चालेल का?

वाडीवाली
चालेल की.