लोकसभेला उमेदवार बघता की दिल्लीत कोण बसणार ते?

आमच्या घरात (जळगाव) रोज वाद. वडील म्हणतात खासदार काय, 543 मधला एक, पक्ष बघून बटण दाबायचं. आई म्हणते तो 5 वर्षांत गल्लीत दिसला का ते सांग आधी. तुम्ही काय बघता?

केळीवाला: पक्षच बघतो भो. एकट्याचे 272 झाले की सरकारला कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत, निर्णय पटापट होतात.

धुळेकर: पटापटच होतात ना, डिसेंबर 2023 ला लाल कांदा ट्रॉलीत भरून ठेवला आन दुसऱ्या दिवशी निर्यातबंदी, मार्केटातून तसाच परत आणला. म्हणून मला 2024 चा निकाल बरा वाटला, भाजप 240, मित्रपक्ष धरून त्यांची एनडीए 293, आता मित्रपक्षांना विचारावं तरी लागतं.

केळीवाला: मित्रपक्ष काय कांद्यासाठी भांडतात का भाऊ 😀

तापीकाठ: आईंचं मनाला पटतं पण पक्षांतरबंदी कायदा 1985 पासून आहे, व्हीप (पक्षाचा आदेश) निघाला की खासदार कितीबी चांगला असो पक्ष सांगेल तिथंच हात वर. तरी लोक नुसती लाट बघत नाहीत, 2024 ला जळगाव-रावेर भाजपला आन धुळे-नंदुरबार काँग्रेसला, त्यात धुळ्यात फरक फक्त 3831 चा.

प्रश्नकर्ता: व्हीपचं आईला सांगितलं. म्हणे, मग दारात मतं मागायला पक्षालाच पाठव.